दोन बाणांच्या मधले वाक्य

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आमच्या शिक्षण संस्थेचा भार इतकी वर्षे वाहणारे झुलालआबा, एवढ्या उन्हात धुळ्याहून मोटारीने आलेले पाहुणे देवरे साहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे जमलो आहोत ते सोनवणे सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या सुनंदाबाई, शाळेचा शिक्षकवर्ग, व्यायाम मंडळाचे सभासद, आंबझिरी गावचे आणि वरच्या पाड्यांवरचे माझे बंधू आणि आयाबहिणी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

आबांनी आत्ता सांगितले की मगनभाऊ दोन शब्द बोलतील. सभेत बोलण्याची मला सवय नाही. माझी नोकरी जमीन मोजण्याची. तिथे साखळी धरणाऱ्या गड्याला 'ताण', 'सोड', 'खुंटी ठोक' एवढे म्हटले की दिवस निघून जातो. तेव्हा माझे बोलणे कोरडे वाटले तर सांभाळून घ्या. मागे ऐकू येत नसेल तर हात वर करा.

सरांबद्दल आतापर्यंत जे बोलले गेले त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. सर या गावात आले तेव्हा शाळेला कुंपण नव्हते आणि पोरांना कवायत म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. सरांनी नदीच्या कोरड्या पात्रात मैदान आखले. वरच्या पाड्यावरचे धनुष्यबाण, म्हणजे आपले तिरकामठे, आणि खालच्या गावातली पोरे त्यांनी एका जागी आणली. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नव्हती. पाड्यावरची माणसे आमच्या शेतात मजुरीला येत, पण आमच्या पोराच्या खांद्याला खांदा लावून कोणी कधी उभे राहिले नव्हते. सरांच्या मैदानात ती उभी राहिली. जळगावला आणि धुळ्याला आपल्या मंडळाने ढाली जिंकल्या, त्या शाळेच्या कपाटात आहेत, सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

माझा धाकटा भाऊ गिरधर मंडळाचा पहिल्या दिवसापासूनचा सभासद. त्याचा नेम काही फार चांगला नव्हता, म्हणून सरांनी त्याला लक्ष्याजवळ उभे राहून बाण कुठे लागला ते ओरडून सांगण्याचे काम दिले. गिरधरचा आवाज तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. बाण फार चुकला की तो पात्रातून ओरडायचा, "अरे भो, लक्ष्य इकडे हाये! तू चौधरीच्या म्हशीले मारू राह्यला का?" मग सगळे मैदान हसायचे. सरसुद्धा हसायचे, आणि मग शिट्टी वाजवून म्हणायचे, "गिरधर, शिस्त!" त्यावर हा म्हणायचा, "सर, शिस्त त्याले सांगा, मी तं म्हशीची बाजू घेऊ राह्यलो."

तुम्ही हसलात, बरे वाटले. आमच्या घरात त्याचे नाव निघाले की अजून कोणी हसत नाही.

खरे सांगायचे तर मी सरांचे आभार मानून खाली बसणार होतो. घरून तेवढेच ठरवून आलो होतो. पण मघाशी देवरे साहेबांनी आपल्या भाषणात आनंदाची बातमी म्हणून सांगितले की धुळ्याला गेल्यावर सर तिथल्या मुलांना तिरंदाजी शिकवतील, आणि पुढच्या वर्षी सोनगीरला, किल्ल्याखालच्या उतारावर, मोठी स्पर्धा भरवण्याचा विचार आहे. टाळ्या पडल्या. मी सरांकडे पाहिले. सरांनी मान खाली घातली होती. तेव्हा मला वाटले की बोलल्याशिवाय बसणे बरोबर होणार नाही.

पाहुण्यांना इथली हकिगत ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो.

गेल्या वर्षी सव्वीस जानेवारीची स्पर्धा नदीच्या पात्रात न घेता टेकडीवर घ्यायची असे ठरले. जिल्ह्याचे अधिकारी येणार होते, लोकांना सगळे नीट दिसावे हा हेतू. उतारावर लक्ष्य वर लावले आणि मारणारे खाली उभे राहिले. अंतर मोजायला दोरी तीच, पात्रातली. ती खालून वर ताणली. एका बाजूला लोक बसले होते, दुसऱ्या बाजूला बोरीबाभळीचे काटवन. गिरधरला उभे राहायला जागा उरली नाही, म्हणून तो लक्ष्याच्या वरच्या अंगाला पळसाखाली जाऊन बसला. कोणीतरी त्याला हटकलेही होते. तो म्हणाला, "चुकलेला बाण खालीच पडतो रे भो, वर कशाले येईन?" पात्रात आम्ही वर्षानुवर्षे तेच पाहिले होते. चुकलेले बाण लक्ष्याच्या अलीकडे वाळूतच रुतायचे.

पहिली पाळी भुराची होती. वरच्या पाड्यावरच्या दगडीबाईचा मुलगा, मंडळातला सगळ्यात चांगला नेमबाज. त्याचा पहिला बाण लक्ष्याच्या मधोमध बसला आणि सगळी टेकडी ओरडली. दुसरा बाण लक्ष्यावरून गेला आणि पळसाखाली गिरधरला गळ्याखाली लागला.

मी त्या दिवशी चोपड्याकडे मोजणीवर होतो. घरी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती. सरांनी त्याला खाटेवर घालून टेकडीवरून स्वतः खांदा देऊन उतरवले होते, केळीच्या ट्रकमध्ये घालून रावेरला दवाखान्यात नेले होते. सरांच्या सदऱ्याला माझ्या भावाचे रक्त लागलेले मी पाहिले आहे. हे मी विसरलेलो नाही, विसरणार नाही.

पंचनामा झाला आणि अपघात म्हणून प्रकरण मिटले. सरकारच्या लेखी मिटले. गावाच्या लेखी मिटले का? स्पर्धेच्या आधी थोडे दिवस भुराच्या बापाच्या बकऱ्या आमच्या कपाशीत शिरल्या होत्या आणि गिरधरने त्या कोंडवाड्यात घातल्या होत्या. शिवीगाळ झाली होती. लोकांनी ते आठवले. मग पारावर, गिरणीवर, विहिरीवर एकच बोलणे सुरू झाले. मीही ऐकले आहे. "ज्याचा पहिला बाण मधोमध बसतो, त्याचा दुसरा मानसाले कसा लागतो? सांग बरं!" या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. उत्तर नाही म्हणून लोकांनी भुराने जाणून मारले असे धरले. दगडीबाईच्या घरातल्या माणसांना गावात कोणी कामाला बोलवीना. भुरा गाव सोडून रावेरला हमालीला गेला. सरांनी मंडळाचे सगळे तिरकामठे शाळेच्या माळ्यावर टाकले आणि शिट्टी परत कधी वाजवली नाही.

मी सुद्धा काही महिने तसेच धरून होतो. का नाही धरणार? माझा भाऊ गेला होता आणि कोणावर तरी राग धरायला मिळाला होता.

मग घरात एक गोष्ट झाली. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको मोठ्या दिराशी समोरासमोर बोलत नाही. गिरधरची बायको मंदाबाई माझ्याशी कधी बोललेली नाही. काही सांगायचे झाले की मी ओट्यावर असताना ती आत आईला सांगते, मला ऐकू येईल अशा आवाजात. एका सकाळी ती आईला म्हणाली, "आत्याबाई, त्यानं जानून मारलं असतं तं तो पयाला असता. तो तं यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला व्हता. मी पाह्यलं ना. लोक येईलोग हालला नही." पोळीचा तवा तापत राहिला. मी ओट्यावरून उठलो आणि रावेरची मोटार धरली.

भुरा रावेर स्टेशनावर केळीच्या वॅगनी भरत होता. मला पाहून त्याने खांद्यावरचा घड खाली ठेवला. म्हणाला, "मगनभाऊ, मारासाठी आले का?"

मी म्हटले, "नाही."

"मंग पानी पेता का?"

आम्ही पाणी प्यालो. मी विचारले, त्या दिवशी काय झाले? त्याने पाण्याचा लोटा खाली ठेवला. मग म्हणाला, "पहिला बाण मी माह्या डोयानं मारला. मंग सर जवळ आले आनि काही बोलले. दुसरा बाण मी सरच्या डोयानं मारला."

मी विचारले, सर काय बोलले?

"ते सरलेच इचारा. मी सांगलं तं लोक म्हनतीन, भुरा आता सरवर ढकलू राह्यला. सरनी माह्या पायात चप्पल घालून मले जळगावले नेलं, भाऊ. लोकायच्या पंगतीत बसवलं. मी नही सांगत."

मी पुष्कळ विचारले. त्याने सांगितले नाही. नंतर त्याला मुकादमाने हाक मारली, "ए भिल्ल्या, गाडी तुह्यासाठी थांबते का?" आणि तो उठून गेला.

आबा, तुम्ही घड्याळ पाहता आहात. मला कल्पना आहे, पाहुण्यांची मोटार आहे. थोडा वेळ द्या. मी फार बोलणारा माणूस नाही, परत उभा राहणार नाही.

मंडळातल्या प्रत्येकाला सरांचा एक नियम पाठ होता. इथे बसलेल्यांपैकी कोणालाही विचारा. सपाटीवर मारताना बाणाचे टोक लक्ष्यावर कुठे दिसेल असे धरायचे ते प्रत्येकाला अंतराप्रमाणे ठरवून दिले होते. आणि चढउताराचा नियम असा, की वर मारायचे तर टोक त्याहून हातभर वर धरा, खाली मारायचे तर हातभर खाली धरा. ऐकायला किती सरळ वाटते! वरचे वर, खालचे खाली. पात्रात उतार नव्हताच, त्यामुळे त्या नियमाची परीक्षा कधी झाली नव्हती.

रावेरहून आल्यावर मी मंडळातल्या वना नावाच्या पोराला बरोबर घेतले आणि गिरधरचा तिरकामठा घेऊन त्याच टेकडीवर गेलो. वर कोणी नाही याची खात्री करून घेतली. वनाला म्हटले, चढ विसर, पात्रात धरायचास तसेच धर. त्याने मारला. बाण लक्ष्याच्या वरून गेला. सपाटीसारखे धरूनसुद्धा वरून! पुन्हा मारला, पुन्हा वरून. मग हातभर वर धरून मारायला सांगितले. तो बाण थेट पळसाच्या बुंध्याशी जाऊन रुतला. वना माझ्याकडे पाहायला लागला. म्हणाला, "मगनभाऊ, हे तं उलटंच हाये." मग आम्ही उलट बाजूने करून पाहिले. आम्ही वर गेलो आणि लक्ष्य खाली लावले. सपाटीसारखे धरले. बाण तरीही वरूनच गेला. चढाला वरून, उतारालाही वरून. दोन्ही वेळा टोक खालीच धरावे लागले, तेव्हा कुठे बाण लक्ष्यावर बसायला लागले.

मी खडकावर बसून विचार करत राहिलो आणि मला माझे कामच आठवले. डोंगराची जमीन मोजताना आम्ही साखळी उतारावर टाकत नाही. ती हवेत आडवी धरतो आणि खाली ओळंबा सोडतो. कारण नकाशात जमीन आडवी किती आहे तेवढेच घेतात, चढ चालून जाताना पाय किती दुखले ते घेत नाहीत. उतारावर दोरी टाकून मोजलेले अंतर नेहमी जास्त भरते, खरे आडवे अंतर त्याहून कमी असते. बाणाचेही तसेच आहे. बाण वाटेत जो खाली झुकतो तो आडव्या अंतराच्या हिशोबाने झुकतो. दोरी उतारावर ताणली म्हणून अंतर पात्राइतके दिसले, पण बाणाला ते कमी होते. तो कमी झुकला म्हणून वर लागला. वर मारा, खाली मारा, दोन्हीकडे टोक खालीच धरायला हवे. सरांचा उताराचा नियम बरोबर निघाला आणि चढाचा चुकीचा. अर्धा बरोबर होता, म्हणूनच तो कोणाला खोटा वाटला नाही.

मी शिकलेला माणूस आहे, पण ही गोष्ट मलाही टेकडीवर जाईपर्यंत माहीत नव्हती. सरांना माहीत नव्हती यात त्यांचा कमीपणा नाही. ज्याने कधी उतारावर बाण मारला नाही त्याला ती सुचणारच नाही. भुरा लहानपणापासून डोंगरात मारत आला, त्याच्या डोळ्याला ते आपोआप कळत होते. त्याला विचारले असते तर त्यालाही सांगता आले नसते. पहिला बाण त्याने तसाच मारला आणि तो मधोमध बसला.

आता पारावरच्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापुढे आहे. पहिला मधोमध, मग दुसरा कसा चुकला? कारण पहिला आणि दुसरा यांच्यामध्ये भुराला कोणीतरी काहीतरी सांगितले. काय सांगितले ते मला ठाऊक नाही. मी तिथे नव्हतो. मी तर्क करू शकतो, पण तर्काने एका माणसाचे नाव खराब झाले आहे, दुसऱ्याचे मी करणार नाही.

कोणी म्हणेल, ही गोष्ट अशी भर सभेत काढायची होती का? आधी घरी जाऊन विचारायचे. मी गेलो होतो. सुनंदाबाईंनी चहा केला. मी सरांना टेकडीवरचे सगळे सांगितले. सर गिरधरबद्दल बोलत राहिले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, माझ्याही आले. मग मी विचारले, सर, तुम्ही भुराला काय म्हणालात? सर म्हणाले, "मगनराव, मला आठवत नाही."

मी ते खोटे मानत नाही. अशा दिवसातले काय राहते आणि काय जाते, ते आपल्या हातात नसते. मला स्वतःला त्या दिवशी चोपड्याहून कसा आलो ते आठवत नाही. पण सर, माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे, आज पुन्हा आठवून पाहा.

आबा, मला थांबवू नका. मी कोणाचा अपमान करत नाही. या सभेत सरांबद्दल माझ्याइतका आदर फार थोड्यांना असेल. मारण्यासाठी कोणी काही बोलले असे मी म्हणत नाही. अधिकारी समोर बसले होते, मंडळाची शिस्त दिसावी, शिकवलेले दिसावे, असे कोणत्या शिक्षकाला वाटणार नाही? आणि सरांना शिक्षा व्हावी असे आमच्या घरात कोणालाही वाटत नाही. आईला विचारून आलो आहे. मंदाबाई त्या बाजूला बायकांत बसली आहे, तिला मी विचारू शकत नाही, पण काल ती आईला म्हणाली ते मी ऐकले. ती म्हणाली, "सर चालले. आता सांगनारं कोन राहीन?"

तिचे बरोबर आहे. भुरा सांगणार नाही, त्याने मला तसे सांगितले आहे. सर उद्या सकाळच्या मोटारीने धुळ्याला जातील. मग दोन बाणांच्या मधले ते वाक्य या गावात कोणाजवळच राहणार नाही, आणि पारावरचा प्रश्न मात्र राहील. भुराचे लग्न जुळणार नाही, त्याच्या भावांची जुळणार नाहीत. त्याच्या बापाला कोणी विळा हातात देणार नाही. मी मोजणीचे कितीही सांगितले तरी लोक म्हणतील, मगनभाऊ पुस्तकातले बोलतो. गावाला सरांचा शब्द पटतो, माझा नाही. तेवढी पुण्याई सरांनी इथे जोडली आहे, आणि ती आज एका माणसाच्या कामी यावी एवढेच मी मागतो आहे.

आणि देवरे साहेब, सोनगीरला स्पर्धा जरूर भरवा. मुलांना चढाला टोक खाली धरायला शिकवा, आणि लक्ष्याच्या वर कोणाला बसू देऊ नका. जागा नसली तरी.

सर, तुम्ही आमच्या गावाला खूप दिले. नवीन ठिकाणी तुमची आणि सुनंदाबाईंची प्रकृती चांगली राहो, तुमच्या हातून पुष्कळ मुले तयार होवोत, ही इच्छा मी मनापासून करतो. आबांनी मला बोलू दिले, पाहुण्यांनी खोळंबून ऐकून घेतले, तुम्ही सगळे शांत बसलात, याबद्दल सर्वांचा आभारी आहे. बोलण्यात कोठे मर्यादा सुटली असेल, कोणाचे मन दुखावले असेल, तर भाऊ गमावलेल्या माणसाचे बोलणे म्हणून पदरात घ्या.

भुराचा पहिला बाण बसल्यावर तुम्ही त्याच्याजवळ गेलात, सर. पुढचे भाषण तुमचेच आहे. तिथून सुरू करा.

सर उठले आहेत. टाळ्या वाजवू नका. त्यांना बोलू द्या.